वळू, खोंड आणि बैल: ओळखावे कसे आणि म्हणावे काय

मराठीत ‘बैल’ हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. शेअर बाजार वर गेला की वृत्तपत्रांत बैल उधळतो, बारा राशींची चित्रे काढणारा वृषभ राशीला बैल काढतो आणि इंग्रजी पुस्तकाचा अनुवादक ‘बुल’ दिसताच डोळे मिटून ‘बैल’ लिहून मोकळा होतो. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात मात्र असा सैलपणा चालत नाही, कारण तिथे शब्द चुकला तर व्यवहार चुकतो. खिलार जातीचे जनावर घेणाऱ्याला आणि त्याविषयी लिहिणाऱ्यालाही उपयोगी पडावे म्हणून हा फरक इथे सविस्तर मांडला आहे.

मुळातला भेद एकाच गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे नराचे खच्चीकरण झाले आहे की नाही. गाईला झालेले नर वासरू म्हणजे गोऱ्हा. तो वाढून अंगाने भरला, पण खच्ची केलेला नसला, तर तो खोंड. खोंडांतून निवडून पैदाशीसाठी राखलेला नर म्हणजे वळू. सरकारी कागदांत त्यालाच ‘सिद्ध वळू’ म्हटलेले आढळते. देवाच्या नावाने मोकळा सोडलेला वळू म्हणजे पोळ, आणि उनाड माणसाला ‘पोळासारखा हिंडतो’ असे म्हणतात ते याच्यावरूनच. खच्ची करून नांगराला, गाडीला किंवा मोटेला जुंपलेला नर तेवढा काटेकोर अर्थाने बैल. हा शब्द प्राकृतातील ‘बइल्ल’वरून आला आहे. बोलण्यात मात्र जुंपलेल्या खोंडालाही लोक सर्रास बैल म्हणतात, म्हणून विकत घेताना केवळ शब्दावर विसंबू नये.

इंग्रजीतली वाटणी आपल्याशी तंतोतंत जुळत नाही. ‘बुल’ म्हणजे खच्ची न केलेला नर, म्हणजे आपला वळू किंवा वाढलेला खोंड. ‘स्टिअर’ म्हणजे लहानपणीच खच्ची केलेला आणि मुख्यतः मांसासाठी वाढवलेला नर. हा शब्द अमेरिकेत अधिक चालतो, तर ब्रिटनमध्ये त्याच जागी बहुधा ‘बुलक’ म्हणतात. कामाला शिकवून तयार केलेला तो ‘ऑक्स’. आपल्याकडे खच्चीकरण कामासाठी होते, त्यामुळे अर्थाने आपल्या बैलाला सर्वांत जवळचा शब्द ‘ऑक्स’ आहे. भारतीय इंग्रजीत आपण ‘बुलक कार्ट’ म्हणतो, तेही बरोबरच आहे. ‘स्टिअर’चे भाषांतर नुसते ‘बैल’ केले तर वाचकाच्या डोळ्यांपुढे जू आणि शिवळा उभ्या राहतात, म्हणून तिथे ‘खच्ची केलेला गोऱ्हा’ असे लिहिणे मला अधिक प्रामाणिक वाटते. गाडीच्या स्टिअरिंगशी या शब्दाचा काही संबंध नाही. उच्चार सारखा असला तरी दोन्ही शब्दांची मुळे वेगळी आहेत.

आता प्रत्यक्ष ओळखीकडे येऊ. प्रथम जनावर दहा-पंधरा पावलांवरून, बाजूने पाहावे. वळूची मान जाड आणि वरून कमानदार असते, वशिंड भरलेले असते, खांदा मागच्या भागापेक्षा जड दिसतो आणि कपाळ रुंद असते. खच्ची केल्यावर नर संप्रेरकाचा पुरवठा थांबतो, त्यामुळे लवकर खच्ची केलेल्या जनावराची मान सडपातळ राहते, चेहरा निमुळता होतो, पाय लांब वाटतात आणि शिंगे बारीक पण लांब वाढतात. खिलारमध्ये रंगही बोलतो. खोंडाच्या मानेवर, खांद्यावर आणि मांड्यांवर काळसर झाक चढते, तर बैल सहसा उजळ, पांढरा दिसतो. यात एक फसगत मात्र होते. मान आणि वशिंड नीट भरावे म्हणून आपल्याकडचे अनेक शेतकरी दोन-तीन वर्षांपर्यंत थांबूनच खच्चीकरण करतात. असा बैल समोरून पाहिला तर अगदी वळूसारखा भासतो.

म्हणून शेवटचा निर्णय मागूनच होतो. जनावर ओळखीचे नसेल तर मालकाला वेसण धरायला सांगावी, बाजूने जावे, पाठीवर हात ठेवून जनावराला आपली चाहूल द्यावी आणि मगच शेपटी बाजूला करून पाहावे. वळूचा अंडकोश भरलेला व लोंबता असतो आणि आत दोन्ही गोळ्या घट्ट लागतात. नवखा माणूस हमखास चुकतो तो इथेच, कारण पिशवी दिसली की त्याला ते जनावर खोंड वाटते. बर्डिझो चिमट्याने खच्चीकरण करताना कातडी कापली जात नाही. आतली रेतवाहिनी आणि रक्तवाहिन्या तेवढ्या दाबून चिरडल्या जातात. त्यामुळे पिशवी जागेवरच राहते, पण आतल्या गोळ्या काही आठवड्यांत आटतात आणि हाताला रिकामी, सुरकुतलेली कातडी लागते. पाहून भागत नाही, चाचपावेच लागते. पिशवीत एकच गोळी लागली तर दुसरी पोटात अडकलेली असू शकते. असे जनावर वागायला वळूच राहते, म्हणून त्याचा व्यवहार पशुवैद्यकाला दाखवल्यावाचून करू नये.

गोळ्या चेचून खच्ची करण्याची, म्हणजे ‘बडवण्याची’ जुनी रीत अत्यंत वेदनादायक आहे आणि तिचे समर्थन करता येणार नाही. हे काम पशुवैद्यकाकडून, वेदनाशमनाची सोय करूनच करून घ्यावे. खच्चीकरणानंतरही काही आठवडे जनावर गाभण करू शकते, म्हणून तेवढा काळ त्याला गाईंपासून वेगळे बांधावे.

वय दातांवरून सांगतात, आणि खच्चीकरण अनेकदा दोन-तीन वर्षांनीच होत असल्याने त्यावरून त्याचा अंदाजही बांधता येतो. पक्के दात आले नसतील तर जनावर आदत, दोन आले तर दुसा, चार आले तर चौसा, सहा आले तर सहादाती आणि आठही भरले की जुळलेला. दुसा साधारण दोन ते अडीच वर्षांचा, तर जुळलेला साडेचार-पाच वर्षांचा धरतात. दोन्ही गोळ्या शाबूत असलेल्या जुळलेल्या जनावराला विक्रेता गरीब म्हणत असला, तरी त्याला कासऱ्यावर चालवून पाहिल्याशिवाय रुमालाखाली हात घालू नये, म्हणजे बाजाराच्या रीतीने बोटांच्या खुणांनी सौदा करायला बसू नये. मान खाली घालून आडवे उभे राहणे, खुराने माती उकरणे आणि खोल आवाजात डुरकणे या खुणा दिसल्या, तर पाठ न दाखवता हळूहळू मागे सरावे.

शहरातल्या माणसाला हे सारे पाहायला मुंबईच्या दलाल स्ट्रीटचे उदाहरण सोयीचे आहे. बॉम्बे स्टॉक एक्स्चेंजसमोर 2008 मध्ये बसवलेले ब्राँझचे शिल्प सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांचे आहे. लोक त्याला बैल म्हणतात. पण बाजाराचा ‘बुल’ हा धडक देणारा, म्हणून तो वळू. शिवाचा नंदीही मूळ कल्पनेत वृषभ, म्हणजे वळूच आहे. दारोदार गुबूगुबू वाजवीत येणारा नंदीबैल मात्र शिकवलेला असतो, आणि त्याच्या नावातला ‘बैल’ योग्यच आहे.

कायद्याच्या भाषेत हे शब्द वेगळे ठेवलेले आहेत. 1976 च्या महाराष्ट्र पशु संरक्षण कायद्यात 2015 मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने गाईबरोबरच वळू आणि बैल या दोघांच्याही कत्तलीला बंदी झाली, आणि तिथे दोन्हींचा उल्लेख स्वतंत्र आहे. तेव्हा पावती करतानाही ‘बैल, 1 नग’ एवढ्यावर समाधान मानू नये. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, दात, रंग आणि जनावर खोंड आहे की खच्ची केलेला बैल, हे मालकाच्या सहीच्या वर लिहून घ्यावे.