कांदळवन वाचवताना होणाऱ्या चुका: मोऱ्या, चिखलाण आणि एका ऋतूची पाहणी

खाडीकाठी कारखाना, जेटी किंवा रस्ता येऊ घातला की विरोध करणाऱ्यांचे आणि परवानगी देणाऱ्यांचेही लक्ष बहुधा एकाच आकड्यावर खिळते: किती झाडे तोडली जाणार? चुकीची सुरुवात येथेच होते, कारण कांदळवन एकही कुऱ्हाड न चालवता मारता येते. रस्त्याच्या भरावाखाली पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर भरतीचे पाणी आत पोहोचत नाही किंवा आत आलेले पाणी ओहोटीला बाहेर पडत नाही. तिवर या कांदळवनातील झाडाची चिखलातून पेन्सिलीसारखी वर आलेली श्वसनमुळे दिवसरात्र पाण्याखाली राहिली की झाड गुदमरते आणि काही वर्षांत तो सबंध पट्टा करडा पडतो. पुढे तीच जमीन ‘निकृष्ट’ ठरवून नव्या भरावासाठी मागितली जाते, हे त्यातले सर्वांत संतापजनक. म्हणून आराखडा हाती आल्यावर झाडांच्या यादीआधी मोऱ्यांची संख्या, रुंदी आणि तळाची पातळी पाहावी. मोरीचा तळ शेजारच्या ओहोळापेक्षा उंच असेल, तर ती मोरी केवळ उधाणाच्या भरतीलाच उपयोगी पडते. भांगाच्या, म्हणजे भरतीचे पाणी कमी चढणाऱ्या दिवसांत आतली झाडे कोरडीच राहतात.

भरपाईच्या लागवडीतील चूक मात्र सद्हेतूने होते. जागा शोधताना कोणाच्याही मालकीची नसलेली, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाण सोयीची वाटते. ती रिकामी का आहे, हे कोणी विचारत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबिन लुईस यांनी दाखवून दिले, की कांदळवने साधारणपणे एकूण वेळेच्या 30 टक्के किंवा त्याहून कमी काळ पाण्याखाली राहणाऱ्या पातळीवरच तग धरतात. त्याखाली लावलेल्या रोपांची अवस्था जवळून पाहिल्यास निदान अवघड नसते: बोटभर जाडीच्या खोडावर बार्नकलचे, म्हणजे खडकांना आणि खोडांना चिकटून राहणाऱ्या छोट्या सागरी जीवांचे पांढरे कवच चढलेले असते, त्याच्या वजनाने रोप वाकते आणि पुढच्या मोठ्या लाटेत उपटून जाते. अशा वेळी त्याच जागी पुन्हा रोपे लावणे म्हणजे पैसा भरतीत सोडणे होय. शिवाय ती चिखलाण शिंपल्यांची आणि स्थलांतरित पाणपक्ष्यांची असते, हे वेगळेच.

त्याऐवजी जवळच्या निरोगी कांदळवनाची पातळी मोजावी आणि बिघडलेली जागा त्या पातळीवर आणावी. फ्लोरिडातील वेस्ट लेक येथे जुना भराव असाच खरवडून भरतीचे ओहोळ मोकळे केल्यावर लागवडीची गरजच पडली नाही. तेथील तिन्ही जाती पाण्याबरोबर आलेल्या बीजांतून आपोआप रुजल्या. रोपे लावायचीच असतील, तर केवळ कांदळाच्या लांब शेंगा सहज मिळतात म्हणून सगळीकडे तीच एक जात लावू नये.

सागरी जीवांबाबतची मोठी चूक प्रकल्पाआधीच्या पाहणीच्या वेळापत्रकात दडलेली असते. एकाच ऋतूत केलेल्या पाहणीत मासळीचा विणीचा काळ निसटू शकतो आणि अहवालात खाडी ओस दिसते. कारखान्यातील यंत्रांच्या थंडाव्यासाठी खाडीचे पाणी खेचणारे पंप अंडी आणि पिल्लेही ओढून घेतात, पण अहवालात बहुतेकदा चर्चा होते ती बाहेर पडणाऱ्या गरम पाण्याचीच. त्या पाण्याचेही केवळ सरासरी तापमान पाहू नये. सर्वांत उष्ण महिन्यातील, ओहोटीच्या तासाचे आकडे मागावेत.

तेलगळतीनंतर पाण्यावरचा तवंग गेला की काम संपले, असे समजणे हेही चुकीचे आहे. पनामाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर 1986 मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्याची टाकी फुटून 80 लाख लिटरहून अधिक कच्चे तेल कांदळवनात, समुद्री गवतात आणि प्रवाळांवर पसरले. त्यानंतर पाच वर्षांनीही चिखलातून तेल पाझरत होते. म्हणून देखरेखीच्या अटीत पाण्याच्या नमुन्यांबरोबर मुळांभोवतीच्या चिखलाचे नमुनेही लिहून घ्यावेत, आणि त्यांचा कालावधी महिन्यांत न मोजता वर्षांत मोजावा.