बुकिंगच्या कोडमधून लॉगिंग बाहेर काढताना
पणजीतल्या एखाद्या गेस्टहाउसचं बुकिंग सॉफ्टवेअर घ्या. खोली राखणं, रद्द करणं, बिल काढणं: तिन्ही मेथडमध्ये (एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांत) लॉगिंगच्या, म्हणजे काय घडलं ते नोंदवण्याच्या, त्याच चार ओळी. हे विखुरलेलं काम एका जागी आणण्यासाठीच 1997 साली ग्रेगर किझालेस आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅस्पेक्टची कल्पना मांडली: असं काम वेगळ्या तुकड्यात एकदाच लिहायचं आणि ते हव्या त्या मेथडना बाहेरून जोडायचं.

जावाच्या स्प्रिंग फ्रेमवर्कमध्ये आधी ‘नोंद’ नावाचं स्वतःचं अ‍ॅनोटेशन, म्हणजे मेथडवर लावायची खूणचिठ्ठी, करा. प्रोग्रॅम चालतानाही ती खूण टिकावी म्हणून रनटाइम रिटेन्शन द्यायला विसरू नका. ते हव्या त्या मेथडवर लावा आणि पॉइंटकट (अ‍ॅस्पेक्ट कुठे लागू करायचा ते सांगणारा नियम) त्यावरच बांधा. मेथडच्या नावावर बांधलात, तर कुणी नाव बदललं की लॉगिंग गुपचूप बंद पडतं.

मग अराउंड अ‍ॅडव्हाइस, म्हणजे मेथडच्या आधी आणि नंतर चालणारा कोड, लिहा. आत मूळ मेथड चालवणारं ‘प्रोसीड’ बोलवा आणि त्याचा निकाल परत करा. निकाल परत करायचं राहिलं, तर बुकिंग होऊनही हाती नल (रिकामं मूल्य) येतो. एक्सेप्शन (चालताना आलेली चूक) पकडलंत तर नोंदवून पुन्हा फेका, नाहीतर फसलेलं बुकिंग यशस्वी वाटेल.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो: स्प्रिंग प्रॉक्सीतून, म्हणजे मूळ ऑब्जेक्टच्या पुढे उभ्या केलेल्या मध्यस्थातून, काम करतं. ‘रद्द करा’ने त्याच क्लासमधली ‘परतावा द्या’ थेट बोलावली, तर कॉल प्रॉक्सीला वळसा घालतो आणि परताव्याची नोंदच होत नाही. परतावा वेगळ्या बीनमध्ये (स्प्रिंग सांभाळतं त्या ऑब्जेक्टमध्ये) हलवा. प्रायव्हेट आणि फायनल मेथडनाही अ‍ॅस्पेक्ट लागत नाही.

एकाच मेथडवर अनेक अ‍ॅस्पेक्ट असतील, तर त्यांचा क्रम ‘ऑर्डर’ने ठरवा, लहान आकडा बाहेरचा. कमिटचा (डेटाबेसमधले बदल पक्के करण्याचा) वेळही मोजायचा असेल, तर वेळमोजणीला ट्रान्झॅक्शनपेक्षा लहान आकडा द्या.

डिसेंबरचा हंगामी दर मात्र अ‍ॅस्पेक्टमध्ये कधीच नको. तो धंद्याचा नियम, बिलाच्या क्लासमध्ये डोळ्यांसमोरच हवा.