एनडीपीएसचा छापा टाकताना या चुका टाळा

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावात एमडी (मेफेड्रोन) हा अमली पदार्थ बनवणारा कारखाना उघडकीस आणला. तेव्हापासून नाशकात या विषयावर भरपूर बोलले जाते, पण बहुतेक छाप्यांबद्दल आणि जप्तीच्या रकमांबद्दल. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखालचा खटला मात्र पहिल्या काही तासांत लिहिलेल्या कागदांवर उभा राहतो किंवा पडतो. कोर्टात वारंवार उघड्या पडणाऱ्या या चुका.

खबर तोंडीच ठेवणे

बातमीदाराचा फोन येतो, गाडी निघते आणि नोंद परतल्यावर होते. बंद घर, गाळा किंवा गोदामात शिरायचे असेल तर कलम ४२ लागू होते. माहिती आधी लिहायची आणि तिची प्रत ७२ तासांत लगतच्या वरिष्ठाला द्यायची. ‘साहेबांना फोनवर कळवले होते’ एवढ्याने भागत नाही, तारीख-वेळेसह पोच हवी. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरताना, वॉरंट आणेपर्यंत पुरावा किंवा आरोपी हातचा का गेला असता, ते लिहून ठेवावे लागते. डिसेंबरात नाशकात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे साडेसहाचा छापा रात्रीचाच. करनैल सिंग खटल्यात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने सकारण उशीर चालवून घेतला, पूर्ण दुर्लक्ष मात्र नाही. नाशिकरोड स्टेशनबाहेर रस्त्यावर पकडले तर कलम ४३ लागते, तिथे ही अट नाही. अंबड औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्याला कागदोपत्री सार्वजनिक ठिकाण बनवायला मात्र जाऊ नये. उलटतपासणीत ते टिकत नाही.

अंगझडतीचा छापील मजकूर

कलम ५० प्रमाणे आरोपीला सांगायचे ते एवढेच: जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती देण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यात ‘किंवा आमच्याकडून घ्या’ असा तिसरा पर्याय घालणे चुकीचे, हे परमानंद निकालात (२०१४) स्पष्ट झाले आहे. दोन आरोपींना मिळून एकच पत्र दिले तेही चालत नाही. प्रत्येकाला वेगळे, त्याला समजणाऱ्या भाषेत द्या. राजपत्रित अधिकारी छाप्याच्या पथकातलाच नसावा. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची. माल फक्त हातातल्या पिशवीत असेल तर कलम ५० लागत नाही. पण पिशवीबरोबर खिसेही तपासायचे असतील तर पत्र आधी द्या, वाद मिटतो.

नमुने जागेवरच काढणे

सर्वात जास्त नुकसान इथे होते. जुनी सवय अशी की छाप्याच्या ठिकाणीच पंचांसमोर नमुने काढायचे, लाखेचे सील मारायचे आणि पुड्या सीएकडे (रासायनिक विश्लेषकाकडे) पाठवायच्या. कलम ५२अ, २०१६ चा मोहनलाल निकाल आणि डिसेंबर २०२२ चे नियम यांनी ही पद्धत बदलली. आता जागेवर वजन, वर्णन, फोटो आणि सील. नंतर यादी करून मॅजिस्ट्रेटकडे विनाविलंब अर्ज. नमुने त्यांच्यासमोर निघतात आणि यादी, फोटो, नमुने यांवर त्यांचे प्रमाणपत्र होते. अशी प्रमाणित यादी, फोटो आणि नमुन्यांची यादी प्राथमिक पुरावा ठरतात, म्हणून प्रमाणपत्र नसले की सरकारी वकिलाच्या हातात फारसे काही उरत नाही. २०२५ च्या भारत आंबाळे निकालाने ५२अ मधली प्रत्येक चूक जीवघेणी नसल्याचे सांगितले, तरी त्या भरवशावर काम करणे धोक्याचे आहे.

प्रत्येक नमुना ५ ग्रॅम, आणि अफू, गांजा, चरस असेल तर २४ ग्रॅम. नमुना दुहेरी लागतो. पुडक्यांचा आकार, वजन, खुणा आणि टेस्ट किटचा निकाल सारखा असेल तरच गट करायचे: एमडी, हेरॉईनसाठी जास्तीत जास्त दहा पुडक्यांचा, गांजा-चरससाठी चाळीसचा. आधीच सगळ्या पुड्या एका बादलीत ओतून मिसळल्या, तर कोणत्या पुडीत काय होते ते नंतर कोणीच सांगू शकत नाही. सीलचा नमुना ठसा वेगळ्या कागदावर ठेवा. मुद्देमाल रजिस्टरची नोंद, बाहेर नेण्याची तारीख आणि प्रयोगशाळेची पोच यांत एका दिवसाचीही फट राहू देऊ नका. नाशकातच प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहे, त्यामुळे नमुना पोहोचायला आठवडा का लागला याचे उत्तर देणे फार अवघड जाते.

वजनाचा घोळ

एमडीची लहान मात्रा २ ग्रॅमच्या आत, व्यावसायिक मात्रा ५० ग्रॅमच्या वर. गांज्यासाठी हेच आकडे १ आणि २० किलो. व्यावसायिक मात्रेत कलम ३७ ची जामिनाची कडक अट येते. म्हणून पिशवीसकट ५२ ग्रॅम आणि पिशवीविना ४९ ग्रॅम हा फरक निर्णायक ठरतो. दोन्ही वजने पंचनाम्यात घाला. गांज्याच्या व्याख्येत फुलोरा किंवा फळधारणेचे शेंडे येतात, शेंड्यांविना नुसती पाने-बिया येत नाहीत. देठ-पाल्यासकट पोते तोलले तर बचाव पक्ष पहिला वार इथेच करतो. ओला माल वाळल्यावर हलका होतो, तेव्हा पंचनाम्यात ओलसरपणाची नोंद हवी.

व्हिडिओ आहे, प्रमाणपत्र नाही

१ जुलै २०२४ पासून झडती-जप्तीचे चित्रण बंधनकारक आहे आणि ते विलंब न लावता मॅजिस्ट्रेटकडे जायला हवे. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र हॅश मूल्यासह (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक ठसा) जोडा. पंचनाम्यातली वेळ आणि व्हिडिओतली वेळ जुळते का, ते सही करण्यापूर्वीच पाहा.

पैशाचा माग उशिरा काढणे

पकडलेला पोरगा बहुधा पुडी पोहोचवणारा असतो. मालाचा पैसा कुठे जातो ते बँक व्यवहार आणि मोबाईल सांगतात, आणि अमली व्यापाराची वाट दहशतवादी निधीपर्यंत जाते का तेही तिथेच दिसते. कलम ६८एफ खाली मालमत्ता गोठवली तर आदेशाची प्रत ४८ तासांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठवायची असते. त्यांनी ३० दिवसांत कायम केला नाही तर आदेश गळून पडतो. यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा) लावायची वेळ आली तर मंजुरीचे वेळापत्रकही कडक आहे: पुरावे तपासणाऱ्या प्राधिकाऱ्याला शिफारशीसाठी ७ कामकाजाचे दिवस, त्यानंतर सरकारला निर्णयासाठी आणखी ७. विस्कळीत फाईल पाठवली तर हे दिवस खुलासे मागवण्यातच संपतात, म्हणून कागद लावूनच पाठवा.