मुदत संपलेल्या ड्रोन पायलट प्रमाणपत्राचे नूतनीकरण

ड्रोन नियम, २०२१ नुसार रिमोट पायलट प्रमाणपत्र १० वर्षांसाठी वैध असते. मात्र ते रद्द वा निलंबित झालेले नसावे आणि त्याची नोंद सरकारी पोर्टलवर असावी, म्हणून हातातला कागद पाहण्याआधी पोर्टलवरील नोंदच तपासावी. मुदत उलटली असल्यास, २५० ग्रॅमहून जड आणि २ किलोपर्यंतच्या छोट्या ड्रोनने लग्नाचे चित्रीकरण करून पैसे घेणेही थांबवावे, कारण त्या वजनाची सवलत केवळ अव्यावसायिक उड्डाणाला आहे.

नूतनीकरण डीजीसीएने (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने) मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेमार्फतच होते. नियमांतील शुल्क अवघे १०० रुपये आहे. संस्था प्रशिक्षणाचे जे पैसे घेते ते वेगळे, तेव्हा दोन्ही रकमा आधीच लेखी मागून घ्याव्यात. डीजीसीएने उजळणी अभ्यासक्रम ठरवून दिला असेल, तर तो पूर्ण करावा लागतो. आधार कार्डावर वडिलांचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर नुसती आद्याक्षरे, अशी तफावत असेल तर ती अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी.

मुंबईकरांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी: प्रमाणपत्र म्हणजे उड्डाणाची परवानगी नव्हे. पार्ले, अंधेरी, कुर्ला हा सारा पट्टा विमानतळालगत आहे आणि पोलिसांचे ड्रोनबंदीचे आदेशही वेळोवेळी निघतात, त्यामुळे प्रत्येक कामाआधी हवाई क्षेत्राचा नकाशा आणि चालू आदेश दोन्ही पाहावेत.