नव्या नाटकाची कार्यशाळा: पहिल्यांदाच येणाऱ्या नाटककारांसाठी आणि नटांसाठी

कार्यशाळेत नव्या नाटकाचा खर्डा नट मोठ्यानं वाचतात आणि मग त्यावर चर्चा होते. वाचन संपल्यावर ‘कसं वाटलं?’ असं विचारलं की पुढचा अर्धा तास वाया गेलाच म्हणून समजा. कुणी छान म्हणतं, कुणी लांबलं म्हणतं, कुणी स्वतःच्या मनातलंच वेगळं नाटक सांगू लागतं. नाटककार सगळं वहीत उतरवून घेतो, पण यातल्या कशावर काम करायचं हे त्याला कळत नाही. म्हणून नाटककारानं प्रश्न घेऊनच बैठकीला यावं. एक, फार तर दोन. ‘दुसऱ्या प्रवेशात बहीण खोटं बोलतेय हे तुम्हाला केव्हा कळलं?’ हा चांगला प्रश्न, कारण त्याचं उत्तर पानावर बोट ठेवून देता येतं.

अडीच तासांच्या बैठकीला १२ ते १५ पानं पुरतात. ती तीन दिवस आधी सगळ्यांच्या हातात पडावीत. प्रत्येक पानावर पानाचा क्रमांक, कितवा खर्डा आणि तारीख हवीच. नाहीतर निम्मी मंडळी जुना खर्डा घेऊन बसतात आणि गोंधळ होतो. रंगसूचना, म्हणजे संवादांखेरीज रंगमंचावर काय घडतं ते सांगणारी वाक्यं, वाचायला भूमिका नसलेला माणूस नेमावा. प्रेक्षकाला दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच त्यानं वाचायचं. ‘ती आतून कोसळते’ हे वाचायचं नाही. संवादांतून ते पोचतंय का, हेच तर तपासायचं आहे. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब देवनागरी टंकलेखनात भरवशाचा नाही. अक्षराचा आकार आणि ओळींतलं अंतर बदललं की तो कोलमडतो. घड्याळ लावून वाचावं, आणि उभं राहून करताना हालचाली नि विराम धरून वेळ वाढणार हेही लक्षात ठेवावं.

नटांनी इथे भूमिका ‘करून दाखवण्याची’ घाई करू नये. कसलेला नट संहितेतली फट आपल्या आवाजानं बुजवून टाकतो, आणि ती फट प्रयोगाच्या तोंडावर उघडी पडते. दुसऱ्या वाचनाला भूमिकांची अदलाबदल करावी. एक जण पेन्सिल घेऊन फक्त अडखळण्याच्या जागा टिपतो. एकच नट अडखळला तर नजरचूक असेल. दोन वेगळे नट त्याच वाक्यावर अडखळले तर वाक्यच बदलायला हवं.

एक उदाहरण घेऊ. भावाला घर विकायचंय. बहीण विचारते, ‘बाबांना सांगितलंस?’ भाऊ म्हणतो, ‘त्यांना कळून काय होणार?’ आणि मग कर्ज, सही, मुदत असं सहा ओळी बोलत राहतो. वाचणारा नट तिसऱ्या ओळीपासून नकळत वेग वाढवतो. दोष त्याचा नाही. भावाचं म्हणणं पहिल्या वाक्यातच संपलंय, पुढच्या ओळी फक्त प्रेक्षकाला माहिती पुरवतात. त्या सहा ओळी तिथल्या तिथे खोडाव्यात आणि प्रवेश लगेच पुन्हा वाचावा. कर्जाचा उल्लेख नसल्यानं ऐकणाऱ्यांचं अडलं, तर तो अशा जागी न्यावा जिथे बहीण तेच कर्ज भावाच्या तोंडावर फेकते. माहिती कुणीतरी कुणाविरुद्ध वापरली की ती ऐकली जाते. असे बदल त्याच बैठकीत करून पाहता येतात, हा कार्यशाळेचा सगळ्यात मोठा फायदा.

चर्चेसाठी अमेरिकन नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास बसवलेली चार टप्प्यांची पद्धत आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते. आधी ऐकणाऱ्यांनी काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं. मग नाटककार आपले प्रश्न विचारतो. तिसऱ्या टप्प्यात ऐकणारे प्रश्न विचारतात, पण त्यात मत लपवायचं नाही. ‘हा प्रवेश एवढा लांब का?’ हा प्रश्न नव्हे, तक्रार आहे. ‘या प्रवेशाची लांबी कशावरून ठरली?’ असं विचारावं. शेवटी मतं, तीही परवानगी घेऊन: ‘शेवटाबद्दल माझं एक मत आहे, सांगू का?’ नाटककार ‘आत्ता नको’ म्हणू शकतो, आणि ते सगळ्यांनी मानायचं. घिसाडघाईत वगळला जातो तो तिसरा टप्पा, आणि नेमका तोच नाटककाराला विचार करायला लावतो.

उत्स्फूर्त अभिनयातून नाटक उभारायचं असेल तर गणित वेगळं. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या जॉइंट स्टॉक या ब्रिटिश नाट्यसंस्थेत नट, दिग्दर्शक आणि लेखक मिळून विषय धुंडाळत, मग लेखक काही आठवडे एकटा लिहीत असे, आणि त्यानंतर तालमी सुरू होत. मधला तो एकांत कापू नका. नटांच्या उत्स्फूर्त बोलण्याच्या ध्वनिमुद्रणावरून जसेच्या तसे उतरवलेले संवाद सैल पडतात, कारण काहीतरी सापडेपर्यंत नट बोलतच राहतात. त्यातून प्रसंगाची वळणं आणि एखादं-दुसरं अस्सल वाक्य उचलावं. श्रेयनामावलीत कुणाचं नाव कसं येणार आणि मानधनात कुणाचा किती वाटा, हे पहिल्या बैठकीआधी लेखी ठरवावं. नाटक चालल्यावर हा विषय काढला की मनं दुखावतातच.

नियमित कार्यशाळेत सर्रास दिसणारा रोग म्हणजे पहिली वीस पानं घासूनपुसून लखलखीत आणि शेवटाचा पत्ता नाही. तीनदा वाचलेला प्रवेश बाजूला ठेवावा आणि कच्चा का होईना, शेवटापर्यंत खर्डा पुरा करावा. सुरुवातीतल्या पुष्कळ अडचणींचं मूळ शेवट लिहिल्यावरच दिसतं. एकाच नाटकाच्या दोन बैठकांत किमान दोन आठवडे असावेत. मधल्या बैठका दुसऱ्या नाटककारांना द्याव्यात.

बसून वाचताना नवे प्रश्न निघेनासे झाले की संहिता हातात घेऊन उभं राहावं. खुर्चीवर न कळणाऱ्या गोष्टी इथे कळतात. एखादं पात्र ३१ व्या पानावर आत जातं आणि ३२ व्या पानावर वेगळ्या कपड्यांत बाहेर येतं. मधल्या संवादाला किती सेकंद लागतात ते मोजा आणि नटाला खरोखर कपडे बदलायला लावा. वेळ पुरत नसेल तर दुरुस्ती संहितेतच करायची, तालमीवर ढकलायची नाही.