मराठवाड्यातून कोकण किनारा: रेल्वे की भाड्याची गाडी? या चुका टाळा

तिकीट काढण्याआधी किंवा गाडीवाल्याला विसार देण्याआधी एकच गोष्ट पक्की करा. सगळे दिवस एका गावात राहायचंय की रोज पुढच्या गावाला सरकायचंय? तारकर्लीत चार दिवस पाय पसरायचे असतील तर रेल्वे. दिवेआगर, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे अशी माळ ओवायची असेल तर गाडी. बहुतेक घरांत हे ठरायच्या आधीच "माणसं किती, गाडीत मावतील का" यावर निर्णय होतो आणि पुढचे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

रेल्वेतून समुद्र दिसेल असं धरून चालणं

कोकण रेल्वे किनाऱ्याने जात नाही. रोह्यापासून सावंतवाडीपर्यंत ती आत, डोंगराच्या कुशीतून जाते. पूर्ण मार्गावर ९१ बोगदे आहेत आणि रत्नागिरीच्या अलीकडचा करबुडे बोगदा एकटाच साडेसहा किलोमीटरचा आहे. खिडकीतून खाड्या, भातखाचरं, नारळी-पोफळी आणि पावसाळ्यात धबधबे दिसतात. रत्नागिरीजवळचा ६४ मीटर उंच पानवल पूल तर दाराशी गर्दी न करता, बसल्या जागेवरून बघण्यासारखा आहे. हा प्रवास सुंदरच आहे, पण लाटा बघायला स्टेशनावर उतरून पुढे जावं लागतं.

हे पुढचं अंतर हिशेबात धरा. कुडाळहून मालवण तीसेक किलोमीटर, खेडहून दापोलीही तेवढंच, चिपळूणहून गुहागर पंचेचाळीसेक. रत्नागिरी स्टेशनही शहराबाहेर आहे आणि राजापूर रोड स्टेशन राजापूर गावापासून बरंच लांब. पहाटे चारला पोचणारी गाडी निवडली तर तिथली एसटी सुरू व्हायची वाट बघत बसावं लागेल. उजाडल्यावर पोचणारी गाडी घ्या, नाहीतर मुक्कामाच्या घरमालकाला आधीच रिक्षा सांगून ठेवा. कोकणातले घरगुती मुक्कामवाले हे काम आनंदाने करतात.

जोडगाडी चुकीच्या स्टेशनावर धरणं

इथे मराठवाड्यातल्या प्रवाशांची सगळ्यात जास्त फजिती होते, कारण आपल्याला वाटेत गाडी बदलावीच लागते. मराठवाड्यातून येणारी देवगिरी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचते आणि कोकणात जाणारी मांडवी एक्स्प्रेस सकाळी सात-सव्वासातलाच मुंबई सोडते. ही जोडी कागदावर जुळली तरी रुळावर जुळत नाही. देवगिरीला अर्धा तास उशीर झाला की कोकणाचं तिकीट हातात राहतं आणि गाडी पुढे गेलेली असते.

तपोवन एक्स्प्रेसने जाऊन कोकणात जाणारी रात्रीची कोकणकन्या एक्स्प्रेस धरणं त्यापेक्षा बरं. त्यातही शेवटपर्यंत मुंबईला जाऊ नका. सीएसएमटीला दोन गाड्यांमध्ये जेमतेम तासभर मिळतो. तपोवन ठाण्याला आधी येते आणि कोकणकन्या तिथे नंतर पोचते, त्यामुळे ठाण्यात उतरून ठाण्यातूनच बसलात तर दोन-अडीच तास हातात राहतात. सामान, लेकरं, म्हातारी माणसं सोबत असताना हा फरक मोठा आहे.

परभणी, परळी, लातूरकरांनी नांदेड-पनवेल एक्स्प्रेस आधी बघावी. ती लातूर, कुर्डुवाडी, पुणे करत थेट पनवेलला जाते आणि कोकणात जाणाऱ्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात. मुंबईच्या गर्दीत शिरायचं कामच पडत नाही.

बुकिंग करताना तीन ठिकाणी चूक होते:

- तारीख. कोकणात जाणारी तुतारी एक्स्प्रेस दादरहून रात्री १२ वाजून गेल्यावर सुटते. कोकणकन्या मुंबईहून आदल्या रात्री निघते, पण पनवेलला पोचेपर्यंत तारीख बदललेली असते. शुक्रवारी रात्री पनवेलला बसणार असाल तर तिकीट शनिवारचं लागतं.
- वेटिंग. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्ये राहिलं तर ते आपोआप रद्द होतं आणि त्यावर गाडीत बसता येत नाही. आगाऊ आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गणपती आणि शिमग्याच्या तारखा असतील तर आरक्षण उघडतं त्याच सकाळी तिकीट काढायला बसावं लागतं.
- पीएनआर (तिकिटावरचा आरक्षण क्रमांक) न जोडणं. दोन्ही तिकिटांवर प्रवासी तेच असतील आणि पहिली गाडी जिथे सोडता तिथूनच दुसरी धरणार असाल, तर दोन्ही पीएनआर जोडून घ्या. मग पहिलीच्या उशिरामुळे दुसरी चुकली तर न केलेल्या प्रवासाचे पैसे कापून न घेता परत मिळतात. त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून ३ तासांत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागण्याचा अर्ज, भरावा लागतो.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. दरडींच्या भीतीने वेग कमी ठेवतात आणि सुटण्या-पोचण्याच्या वेळा बदलतात. मेमध्ये काढलेल्या तिकिटावरची वेळ जून-जुलैच्या प्रवासाला गृहीत धरू नका.

"किलोमीटरला इतके" एवढंच विचारून गाडी ठरवणं

ड्रायव्हरसह बाहेरगावची गाडी घेतली की दिवसाचे किमान किलोमीटर लावले जातात, बऱ्याच ठिकाणी ३००. पाच दिवसांचे झाले १,५००. जाऊन-येऊन हजार आणि तिथे फिरणं शंभर धरलं तर प्रत्यक्षात धावले ११००. म्हणजे गाडी माडाखाली उभी असताना ४०० किलोमीटरचे पैसे गेले. वर ड्रायव्हरचा भत्ता, रात्रीचा आकार, टोल, पार्किंग, आणि मोजणी तुमच्या दारापासून नाही, मालकाच्या दारापासून. हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या.

स्वतः चालवायला गाडी घेणार असाल तर नंबरप्लेट बघा. अशा गाडीची प्लेट काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. ओळखीतल्या कुणाची पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. चारशे-पाचशे रुपये वाचवण्यापायी हा धोका घेऊ नका.

ताब्यात घेताना गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, हे हाताने तपासा. हँडब्रेक चढावर धरतो का तेही बघा, कारण पुढे घाट आहे.

सपाटीच्या सवयीने घाट उतरणं

लातूर-नांदेडहून तुळजापूर, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत रत्नागिरीला निघालात तर शेवटी आंबा घाट लागतो. कराडहून चिपळूणला कुंभार्ली, पुण्याहून माणगावला ताम्हिणी, कोल्हापूरहून कणकवलीला फोंडा. घर ते घाट दिवसभर सरळ रस्त्यावर गाडी हाणलेली असते आणि थकलेला पाय उतारावर ब्रेकवरच राहतो.

मग काय होतं ते नीट समजून घ्या. सतत दाबलेले ब्रेक तापतात, आधी जळका वास येतो, मग गाडी पूर्वीसारखी थांबेनाशी होते. ब्रेकचं तेल उकळलं तर पेडल मऊ पडून खाली जायला लागतं. उपाय सोपा आहे: ज्या गिअरमध्ये तो चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे दुसऱ्यात, तीव्र वळणावर पहिल्यात. इंजिन गाडी धरून ठेवतं. ब्रेक थोडा दाबा, सोडा. न्यूट्रलमध्ये कधीही उतरू नका. वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा आणि अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नका, डिस्क वाकडी होऊ शकते.

अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला वाट द्या. धुक्यात अपर लाइट लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहते, डिपरच ठेवा. आणि घाट उजेडी पार पडेल असं निघा. तेवढ्यासाठी सोलापूर किंवा कोल्हापूरला एक मुक्काम वाढला तरी चालेल. पावसाळ्यात घाट अचानक बंद होतात, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी चौकशी करा.

जंगलजेटी न वापरणं, आणि वाळूत गाडी घालणं

गाडी नेण्याचा खरा फायदा खाड्यांवर कळतो. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ इथे गाड्या घेऊन जाणाऱ्या फेरीबोटी आहेत, त्यांनाच जंगलजेटी म्हणतात. मॅप मात्र पुष्कळदा खेड-चिपळूणचा वळसा दाखवतो. शेवटची फेरी किती वाजता हे जेट्टीवर आधी विचारा. बोटीवर इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला.

पुळणीवर गाडी नेऊ नका. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक थांबलं की खचते, आणि भरती सहा तासांत तिथपर्यंत येते. रुतलीच तर रेस वाढवू नका, चाक खोलच जातं. सगळ्यांना उतरवा, चाकांपुढची वाळू हाताने काढा, टायरची हवा १५-१८ पीएसआयपर्यंत उतरवा, पायाखालचे मॅट चाकांखाली सरकवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच बाहेर काढा. डांबरी रस्त्यावर आल्यावर हवा भरेपर्यंत सावकाश चला. खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी खालची बाजू गोड्या पाण्याने धुऊन घ्या.