फॉर्म हरवलेला गोलकीपर खेळवावा की बसवावा

लागोपाठ दोन सामन्यांत पाच गोल खाल्ले की गोव्यातल्या गावात प्रत्येक तावेर्नात (दारूच्या गुत्त्यात) त्याच रात्री कीपर बदलून झालेला असतो. कोचने त्या रात्री काहीच ठरवू नये. दुसऱ्या दिवशी वही काढावी.

मागच्या सहा सामन्यांत खाल्लेला प्रत्येक गोल एकेका ओळीत लिहा. मिनिट कितवं, फटका किती अंतरावरून, चेंडू आधी कुणी गमावला, कीपरच्या नजरेआड किती माणसं होती, फटका बसला त्या क्षणी त्याचे पाय कसे होते, आणि हात लागला असेल तर चेंडू कुठे गेला. शेवटच्या दोन गोष्टी आठवणीवर लिहिल्या तर हमखास चुकतात. त्यासाठी गोलच्या मागे तिपाईवर मोबाईल लावा. लेन्स जाळीच्या भोकाला अगदी भिडवा, नाहीतर फोकस जाळीवरच बसतो आणि नव्वद मिनिटं नुसता दोरा दिसतो.

मग प्रत्येक गोलापुढे एक शब्द लिहा: संघाचा, कीपरचा, किंवा कुणाचाच नाही. कसोटी साधी ठेवा. याच दर्जाच्या लीगमधला बरा कीपर असा फटका दहातून सात वेळा अडवेल का? ‘हो’ असेल तरच तो कीपरच्या नावावर. बारा गोलांत असे दोन-तीनच निघाले तर प्रश्न स्टॉपर (मधला बचावपटू) आणि मिडफिल्डचा आहे. कीपर बदलून गोल थांबणार नाहीत. पाच-सहा निघाले आणि ते सगळे एकाच जातीचे असले, तर तंत्राचा दोष आहे आणि तो सरावाने जातो. पाचही वेगवेगळ्या तऱ्हेचे असले, की आधी माणसाची चौकशी करा, तंत्राची नंतर.

ही चौकशी बहुतेक ठिकाणी राहूनच जाते. बोटाला टेप लावून तो किती दिवस खेळतोय? ज्या बाजूला गोल जातात त्याच बाजूचा खांदा दुखतोय का? वेर्ण्याच्या कारखान्यात रात्रपाळी करून दुपारी चारला मैदानात उतरलेल्या मुलाच्या हालचाली मंद असणारच, त्याला फॉर्म गेला म्हणता येत नाही. डोक्याला मार लागला असेल तर डॉक्टरने परवानगी देईपर्यंत त्याला उतरवू नका. 2018च्या चॅम्पियन्स लीग अंतिम सामन्यात लिव्हरपूलच्या लॉरिस कारियसच्या हातून दोन गोल गेले आणि जगभर त्याची थट्टा झाली. काही दिवसांनी तपासणीत त्याच्या मेंदूला धक्का बसल्याचं निदान झालं.

तंत्राच्या दोषांत सगळ्यात जास्त आढळतो तो पायांचा. स्ट्रायकर फटका मारतो तेव्हा कीपर अजून सरकत असतो, वजन टाचांवर असतं, आणि मग सोपा फटकाही ‘अचानक आला’ असं वाटतं. उपाय असा: चौदा-सोळा मीटरवरून मारणारा तीन पावलं धावून फटका मारेल. त्याचा पाय मागे जाताच कीपरने जिथे असेल तिथे थांबायचं, दोन्ही पाय जमिनीवर, वजन पंजांवर, आणि थांबल्याचं स्वतः मोठ्याने म्हणायचं. सहा फटके, दीड मिनिट विश्रांती, अशा चार फेऱ्या. चोवीस चेंडू पुरे. शिक्षा म्हणून शंभर फटके घालणारे कोच आपल्याकडे कमी नाहीत. थकलेल्या पायांनी पोरगा चुकीचंच पक्कं करतो.

पावसातल्या सामन्यांत दुसरा दोष दिसतो: चेंडू धरायला जातो आणि तो समोरच्या स्ट्रायकरच्या पायात पडतो. ओला चेंडू अंगावर सरळ येत नसेल तर धरायचा नाही, मनगट ताठ ठेवून खांबाच्या बाहेर ढकलायचा. गर्दीत आला तर दोन्ही मुठींनी, बाजूला. ग्लव्हजही बघा. लेटेक्समध्ये लाल माती बसली की पकड जाते. सामन्याआधी ओले करून पिळून घालावेत, नंतर साबणाशिवाय कोमट पाण्यात धुऊन सावलीत वाळवावेत. उन्हात टाकले की भेगा पडतात. दुसरी जोडी आणि टॉवेल जाळीजवळ हवाच.

पण बसवायचं की नाही हे चुकांवरून ठरत नाही, चुकीनंतर तो काय करतो यावरून ठरतं. बिचकलेला कीपर गोलरेषेला चिकटतो. म्हणून वहीत आणखी एक मोजदाद ठेवा: गोलपुढच्या साडेपाच मीटरच्या चौकोनात किती क्रॉस (बाजूने उंच मारलेले चेंडू) आले, कितींसाठी तो रेषा सोडून निघाला. आठ आले आणि एकदाही निघाला नाही, तर ती धोक्याची खूण, भले त्या दिवशी एकही गोल झालेला नसो. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात असताना त्याने पेनल्टी बॉक्सच्या कडेपर्यंत यायला हवं. तो मागे राहिला की त्याच्या भरवशावर असलेली बचावफळीही मागे सरते, बॉक्सपुढची जागा मोकळी होते आणि लांबून फटके वाढतात. त्याचा आवाजही बंद होतो. आणि चेंडू हातात धरून घुटमळणं आता महागात पडतं: 2025पासूनच्या नियमानुसार आठ सेकंदांवर गेलं की प्रतिस्पर्ध्याला थेट कॉर्नर.

तेव्हा निर्णय असा. चुकतोय पण बाहेर येतोय, ओरडतोय, तर चार सामने ठेवा, आणि हे चार त्याला आधीच सांगा. दर शनिवारी टांगती तलवार ठेवून कुणी निर्धास्त उडी मारत नाही. सरावानंतरही सलग तीन सामने रेषेवरच अडकलाय, तर बसवा.

एका सामन्यावरून निकाल देण्याचा मोह झाला तर मडगावचं फातोर्डा मैदान आठवा. 20 डिसेंबर 2015च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) अंतिम सामन्यात एफसी गोवा 2-1ने पुढे असताना नव्वदाव्या मिनिटाला गोव्याचा कीपर लक्ष्मीकांत कट्टीमणीच्या नावावर स्वयंगोल लागला आणि चेन्नईयिनने सामना 3-2 नेला. त्याच सामन्यात त्याने पेनल्टीही अडवली होती, ती कुणाच्या लक्षात राहिली नाही. 20 मार्च 2022ला, त्याच मैदानावर, आयएसएलच्याच अंतिम सामन्यात हैदराबादसाठी त्याने पेनल्टी शूटआउटमध्ये केरळा ब्लास्टर्सचे तीन फटके अडवले आणि करंडक जिंकून दिला.

बसवायचं ठरलं तर सामन्याच्या दोन दिवस आधी, एकट्याला गाठून, उभ्या-उभ्या नव्हे तर बसून सांगा. ड्रेसिंग रूममध्ये यादी वाचताना त्याला कळता कामा नये. वाक्य साधं असावं: “बाबू, पुढचे तीन सामने तू बाहेर. क्रॉसला निघत नाहीस, हे बघ वहीत. मंगळवारी आणि गुरुवारी वीस मिनिटं फक्त त्यावर काम करू.” ‘विश्रांती देतोय’ असलं गोड खोटं बोलू नका, त्याला ते लगेच समजतं.

राखीव कीपरलाही तीन सामने खरोखर द्या. पहिल्याच चुकीला त्याला काढलं तर दोन घाबरलेले कीपर हाताशी उरतात. त्याच्या पहिल्या सामन्यात स्टॉपरही बदलू नका, आणि या कीपरची सुरुवात शेजारच्या गावाविरुद्धच्या सामन्यात तर मुळीच नको. आपल्या मैदानांवर गोलमागचं पब्लिक हाताच्या अंतरावर असतं, तेव्हा क्लबातली दोन वयस्क माणसं तिथे उभी करा. त्यांच्या देखत शिव्या निम्म्यावर येतात.